उसातला बिबट्या आणि गावाचा नकाशा: कागदापासून वस्तीपर्यंत

मे महिन्याच्या मध्यावर जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागाचं उपग्रहचित्र उघडून बघा. पश्चिमेला सह्याद्रीची गडद कड, पुढे उन्हानं तापलेली तांबूस-करडी रानं, आणि त्यांच्यामधून कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या आणि कालव्यांच्या कडेनं गेलेली हिरवीगार ठिगळं. त्यातला मोठा भाग उसाचा. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, पाटाला पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. वर्षभर उभं राहणारं, आत माणूस क्वचित शिरणारं, पाणी आणि कुत्री-शेळ्या हाताशी असलेलं रान त्याला दुसरं कुठलं मिळणार?

हे बिबटे जंगलातून वाट चुकून आलेले नाहीत. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या शेतीच्या खोऱ्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावले तेव्हा दर १०० चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे आढळले. तिथं राखीव जंगल नाही, माणसांची दाट वस्ती आहे. विष्ठेच्या अभ्यासातून कळलं की त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातच जन्मणारा, वाढणारा हा प्राणी आहे. त्याच्यासोबत राहायचं तर अंदाजावर भागत नाही, हातात नकाशा लागतो. तो कसा करायचा हे या लेखात सांगतो. एक साधा लॅपटॉप, एक स्मार्टफोन, फुकट मिळणारं क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर आणि पायपीट करायची तयारी एवढं पुरतं. सुरुवातीला एक गाव घ्या, फार तर लगतची चार-पाच.

आधी प्रश्न ठरवा

नकाशा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "बिबटे कुठे आहेत?" हा प्रश्न बाजूला ठेवा. उसाच्या पट्ट्यात त्याचं उत्तर "सगळीकडे" असंच येतं, आणि आज दिसलेला बिबट्या उद्या रात्री तीन गावं ओलांडून गेलेला असतो. एवढ्या मेहनतीनं लावलेला ठिपका सकाळपर्यंत शिळा होतो.

जागच्या जागी राहतं ते आपलं: गोठा, वस्तीची वाट, बंद पडलेला दिवा, उकिरडा, उसाचा फड. बदलता येतं तेही तेच. म्हणून मी नकाशा आपल्या बाजूचा करतो. प्रश्न असे ठेवा: येत्या तोडणीच्या हंगामाआधी गावातल्या कुठल्या दहा वस्त्यांवर पहिल्यांदा काम करायचं? रात्रपाळीला पाणी धरायला जाणाऱ्यांची कुठली वाट सगळ्यात जोखमीची? ऊसतोड मजुरांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) कुठे उभ्या करू नयेत? प्रश्न एका ओळीत लिहून भिंतीवर लावा. त्या ओळीच्या कामी न येणारी माहिती गोळा करू नका, कितीही हाताशी असली तरी.

वनरक्षक आणि वनपाल यांना पहिल्याच दिवशी भेटा, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या, सरपंच आणि पोलीस पाटलांना सांगा. घटनांची कागदपत्रं वनखात्याकडे आहेत आणि शेवटी नकाशाचा वापरही तेच करणार आहेत. पाठीमागून केलेला नकाशा कितीही चांगला असला तरी कुणी उघडत नाही.

घटनांची वही

पशुधन मारलं गेलं की पंचनामा होतो आणि भरपाईचं प्रकरण तयार होतं. निदान तीन वर्षांची प्रकरणं मिळवा. एका घटनेला एक ओळ, अशी एक्सेलमध्ये वही करा. तारीख आणि वेळ. जनावर कुठलं, लहान की मोठं. बांधलेलं होतं, मोकळं होतं की गोठ्यात होतं. गोठा कसा: चारी बाजूंनी जाळी आणि वर छत, नुसती कूड, की उघडं दावं. जवळात जवळ ऊस किती अंतरावर आणि किती महिन्यांचा. जागेवर उजेड होता का. गट नंबर. आणि शेवटी एक रकाना बहुतेक जण विसरतात तो: जागा किती नेमकी माहीत आहे.

या रकान्यासाठी मी चार आकडे वापरतो. जागेवर उभं राहून जीपीएस घेतलं असेल तर १, गट नंबर माहीत असेल तर २, फक्त वस्ती माहीत असेल तर ३, नुसतं गावाचं नाव असेल तर ४. जुन्या कागदांत ३ आणि ४ भरपूर निघतात. गट नंबर असेल तर महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गटाची हद्द दिसते, तिथून जागा काढता येते. पण नुसतं गावाचं नाव असलेली घटना गावठाणाच्या मध्यभागी ठिपका देऊन ठेवू नका. मी सुरुवातीला ही चूक केली. नकाशावर ग्रामपंचायतीच्या दारात अकरा शेळ्या मेलेल्या दिसत होत्या, आणि ते बघून कुणीतरी तिथं दिवे वाढवायचा ठरावही मांडला. ४ आकड्याच्या घटना महिन्यांच्या हिशेबात घ्या, जागेच्या हिशेबात घेऊ नका.

अक्षांश-रेखांश लिहिताना दोन चुका हटकून होतात. पहिली अदलाबदलीची. जुन्नरचा अक्षांश साधारण १९.२ आणि रेखांश ७३.९. हे उलटे भरले तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात जाऊन पडतो. अशी चूक निदान लगेच दिसते. दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. जुन्या यंत्रावरचं १९ अंश १२ मिनिटं ३० सेकंद हे कुणी १९.१२३० असं लिहितं. खरा आकडा १९.२०८३ असायला हवा. फरक सुमारे साडेनऊ किलोमीटरचा, म्हणजे घटना दुसऱ्याच गावात. फोनमध्ये दशांश अंशांची सेटिंग करून ठेवा आणि ठिपका पडल्यावर तो त्याच गावाच्या हद्दीत आहे ना, हे प्रत्येक वेळी बघा.

नवी माहिती फोनवर घ्यायला क्यूफील्ड किंवा कोबो टूलबॉक्स हे ॲप चालतं. दोन्ही नेटवर्क नसताना चालतात, आणि रानात नेटवर्क नसतंच. ठिपका घेण्याआधी उघड्यावर मिनिटभर थांबा आणि अचूकता १० मीटरच्या आत आली की नोंद करा. उसाच्या आत शिरून जीपीएस घेऊ नका. तिथं अचूकताही घसरते आणि जिवाची जोखीमही असते. बांधावर उभं राहून घ्या आणि "बांधापासून पंधरा पावलं पूर्वेला" असं शेऱ्यात लिहा.

या वहीची एक मोठी मर्यादा ध्यानात ठेवा. तिच्यात बिबट्यानं काय मारलं ते नसतं, माणसांनी काय नोंदवलं ते असतं. कुत्र्याची भरपाई नाही म्हणून कुत्र्याची नोंद नाही. कोंबड्यांसाठी कुणी चार हेलपाटे घालत नाही. ज्याच्याकडे कागद नाहीत, ज्याची वस्ती ओढ्यापलीकडे आहे, त्याची शेळी वहीत येत नाही. म्हणून वस्ती-वस्तीवर जाऊन एकच प्रश्न विचारा: "गेल्या वर्षात तुमची किती कुत्री गेली?" या प्रश्नाला लोक मोकळेपणानं उत्तर देतात, कारण त्यात मागण्यासारखं काही नसतं. खाण्यातला कुत्र्याचा वाटा पाहता, बिबट्याचं जाणं-येणं कुठून आहे हे शेळ्यांच्या पंचनाम्यांपेक्षा कुत्र्यांच्या या मोजणीतून मला जास्त नीट कळलं आहे.

खालचे लेयर

क्यूजीआयएसमध्ये नवा प्रोजेक्ट उघडल्यावर पहिलं काम म्हणजे प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, ठरवणं. फोनवरून येणारे ठिपके अंशांत असतात आणि अंशांत अंतर मोजता येत नाही. आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, तर पूर्व-पश्चिम सुमारे १०५ किलोमीटरचा. सगळे लेयर, म्हणजे नकाशातले माहितीचे थर, यूटीएम या प्रोजेक्शनच्या झोन ४३ उत्तरमध्ये (क्यूजीआयएसमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३) आणा, की अंतर मीटरमध्ये मिळतं. ७८ रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे काम करणार असाल तर झोन ४४ घ्या, ईपीएसजी ३२६४४.

रस्ते, ओढे, शाळा ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या. वस्त्यांवरची विखुरलेली घरं तिथं बहुतेक नसतात. त्यासाठी गूगलचं ओपन बिल्डिंग्ज (उपग्रहचित्रांवरून काढलेली इमारतींची माहिती) उपयोगी पडतं, मात्र त्यात कांदाचाळ, गोठा आणि घर सगळं सारखंच दिसतं, वेगळं तुम्हालाच करावं लागतं. वनहद्द वनखात्याकडून. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरही बरंच मिळतं. रात्रीच्या उजेडाची उपग्रहचित्रं बघून मोह होईल, पण त्यांचा एक पिक्सेल अर्ध्या किलोमीटरच्या आसपास असतो. एका वस्तीवर दिवा लागतो की नाही हे त्यातून कळत नाही. ते काम पायी.

उसाचा लेयर

इथं वेळ द्या. बाकी सगळ्याचा अर्थ या लेयरवर लागतो.

सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी एक. एक पिक्सेल १० बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. हे प्रमाण डोक्यात ठेवलं की सगळं सोपं होतं: एकराला चाळीस पिक्सेल. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात वीस पिक्सेल, आणि तो चार बाय पाचचा धरला तर त्यातले चौदा कडेचे. त्यांच्यात शेजारचं रान, बांध, बाभळीची सावली मिसळलेली. म्हणून तुकडा लहान असेल तर निकालावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

नदीकाठच्या एका गावाचे शेताचे तुकडे चित्रावर हातानं आखायला तीन-चार संध्याकाळी जातात. ते आखा. मग प्रत्येक तारखेच्या चित्रावरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, काढा: (बी८ वजा बी४) भागिले (बी८ अधिक बी४). बी८ हा चित्रातला अवरक्त प्रकाशाचा बँड, बी४ लाल प्रकाशाचा. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये एवढंच लिहायचं आहे. एक खबरदारी घ्या. २५ जानेवारी २०२२ पासून डाउनलोड होणाऱ्या चित्रांच्या आकड्यांत १००० ची भर घातलेली असते. ती दोन्ही बँडमधून आधी वजा केली नाही तर एनडीव्हीआय कमी येतो, आणि जुन्या चित्राशी तुलना केली की उभा ऊस उगाच वाळलेला दिसतो. नंतर प्रत्येक तुकड्याला आतल्या बाजूनं १० मीटर आखडून झोनल स्टॅटिस्टिक्स या साधनानं सरासरी काढा, म्हणजे कडेचे पिक्सेल गळतात.

आता ऊस ओळखायचा कसा? कांदा, सोयाबीन, गहू, बाजरी तीन-चार महिन्यांत येतात आणि जातात. ऊस टिकतो. आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये लागून सोळा-अठरा महिने उभा, पूर्वहंगामी चौदा-पंधरा, सुरू बारा, शिवाय खोडवा (तोडल्यावर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस). म्हणून एकाच तारखेचं चित्र घेऊन बसू नका. नोव्हेंबर, फेब्रुवारी, एप्रिलचा मध्य आणि मे अखेर अशी चार घ्या. चारही वेळा हिरवं ते बहुतेक ऊस किंवा बाग. नारायणगाव पट्ट्यात द्राक्षाच्या बागा आहेत, पण त्या एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काही आठवडे उघड्या पडतात, तिथं वेगळ्या ओळखू येतात. डाळिंब, हत्तीघास, घासाचे वाफे मात्र फसवतात. त्यांना जमिनीवर जाऊनच ओळखावं लागतं. जून ते सप्टेंबर ढगांमुळे सेंटिनेल-२ चा उपयोग जवळपास नसतो. त्या दिवसांत सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं, पण ते हाताळणं अवघड आहे, पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

चित्राला गावची माहिती जोडा. ई-पीक पाहणीत गटावर पीक नोंदलेलं असतं. साखर कारखान्याच्या शेतकी विभागाकडे ऊस नोंद असते, त्यात लागणीची तारीख आणि जात असते, आणि पुढे तोडणीचा कार्यक्रमही तिथंच ठरतो. शेतकी अधिकाऱ्याला काम समजावून सांगा. मला आजवर तरी कुणी दारातून परत पाठवलेलं नाही. त्यांचीही माणसं त्याच उसात उतरतात.

शंभरेक तुकडे प्रत्यक्ष जाऊन बघा. निम्म्यांवरून तुमचे आकडे ठरवा आणि उरलेल्या निम्म्यांवर पडताळा. माझ्या भागात दाट उभ्या उसाचा एनडीव्हीआय साधारण ०.६ च्या वर राहतो आणि तोडलेल्या रानाचा ०.३ च्या खाली जातो. तुमच्याकडे वेगळं असू शकतं, म्हणून आकडा उचलू नका, पद्धत उचला. शेवटी तुकड्यांना तीनच रंग द्या: लपण नाही (लागण चार-पाच महिन्यांच्या आतली), लपण आहे, आणि तोडीला आलेला.

या लेयरचा खरा उपयोग गाळप सुरू झाल्यावर होतो. नोव्हेंबरपासून दर दहा-बारा दिवसांनी नवं चित्र घेऊन कुठले तुकडे अचानक खाली आले ते बघा. ते तोडलेले. बिबट्याचं घर जसजसं तुटत जातं तसतसा तो उरलेल्या उभ्या उसात सरकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये चारी बाजूंनी मोकळं रान आणि मध्ये दीड-दोन एकरांचा एकच उभा तुकडा अशा जागा नकाशावर ठळक दिसतात. अशा तुकड्यांवर गोल करा. बछडे सापडण्याची, मादी बिथरण्याची आणि तोडणीवाल्यांशी गाठ पडण्याची शक्यता तिथं सगळ्यात जास्त. तो तुकडा तोडायला घेण्याच्या आदल्या दिवशी वनरक्षकाला कळलेलं असलं पाहिजे. फड एका बाजूनं धरावा, जनावराला निघून जायला दुसरी बाजू मोकळी राहील असा. बछडे दिसलेच तर हात न लावता मागं व्हावं आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करावा. रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते. हे या भागात पुन्हा पुन्हा घडलेलं आहे.

आपल्या बाजूचे लेयर

गोठे: प्रत्येकाचा ठिपका आणि प्रकार. झोपताना दार लागतं का, हेही विचारा. चांगली जाळी असून दार नसलेले गोठे मी पुष्कळ पाहिले.

अंधार: अमावस्येच्या आसपास, सायंकाळी सात ते नऊ, दोघं-तिघं बॅटरी घेऊन, गाडीतून किंवा घोळक्यानं प्रत्येक वाट फिरा. खांब आहे पण दिवा नाही, दिवा आहे पण बंद, खांबच नाही, असे तीन रंग. सगळ्यात स्वस्त उपाय पहिल्या दोन रंगांत सापडतात.

कुत्र्यांचं अन्न: कोंबड्यांच्या शेडची मर टाकायची जागा, मटणाच्या दुकानामागचा उकिरडा, ढाबे. कुत्री जिथं जमतात तिथं बिबट्या येतो.

रात्रीचं पाणी: शेतीपंपांना पाळीनं वीज मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस एकटा, हातात फावडं, वाकून दारं मोडत उसाच्या कडेला उभा असतो. वाकलेला माणूस बिबट्याच्या नजरेला माणसासारखा दिसत नाही. कुठल्या फीडरवर (वीजवाहिनीवर) कुठली रानं आहेत, कुठल्या आठवड्यात रात्रपाळी आहे, मोटार आणि स्टार्टर नेमके कुठे आहेत हे लेयरमध्ये घ्या. दिवसा वीज द्या ही मागणी या भागात जुनी आहे. पण "आमच्या गावाला द्या" म्हणण्यापेक्षा "या फीडरवर एवढे पंप उभ्या उसाला लागून आहेत" असं नकाशासह मांडलं तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

कोप्या आणि मेंढवाडे: हे ठिपके हंगामी असतात, म्हणून बहुतेक नकाशांत नसतात. बीड, नगर भागातून आलेली ऊसतोड कुटुंबं फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्यांत राहतात. पहाटे आईबाप फडावर, लेकरं कोपीत. धनगरांचे वाडे कुणाच्या तरी मोकळ्या रानात खतासाठी बसतात, भोवती नुसती जाळी. हे लोक गावाच्या मतदार यादीत नाहीत, ग्रामसभेत नाहीत, भरपाईच्या कागदात नाहीत. नकाशात तरी त्यांना आधी घ्या. कोप्या उसाच्या भिंतीपासून लांब, एकमेकींना लागून आणि वीज पोचेल अशा जागी उभ्या करायच्या तर तशा पाच-सहा जागा ऑक्टोबरमध्येच नकाशावर शोधून कारखान्याला आणि मुकादमाला दाखवाव्या लागतात. टोळी आल्यावर फार उशीर झालेला असतो.

जुळवणी: टक्केवारीचा सापळा

क्यूजीआयएसमध्ये जॉइन अॅट्रिब्यूट्स बाय निअरेस्ट हे साधन वापरून प्रत्येक घटनेचं उभ्या उसापासूनचं अंतर काढा. त्या तारखेला जो ऊस उभा होता त्याचं, आजच्या उसाचं नाही. मग थांबा, लगेच निष्कर्ष काढू नका.

समजा गावात ४०० गोठे आहेत आणि तीन वर्षांत ४० घटना झाल्या. ४० पैकी २८, म्हणजे ७० टक्के घटना उसापासून १०० मीटरच्या आत. बातमी तयार! पण ४०० पैकी २८० गोठेच १०० मीटरच्या आत असतील तर तेही ७० टक्केच झाले. मग उसाच्या जवळ असण्यानं काहीच फरक पडलेला नाही. आता तेच ४०० गोठे प्रकारानं वाटा. २५० बंदिस्त गोठ्यांत ५ घटना, म्हणजे शंभरी २. उघड्या १५० गोठ्यांत ३५ घटना, म्हणजे शंभरी २३. गावानं पैसा कशावर घालायचा ते इथं कळतं. घटना कुठे झाल्या एवढंच मोजून भागत नाही, कुठे होऊ शकल्या असत्या तेही मोजावं लागतं. म्हणून घटना न झालेल्या गोठ्यांचं सर्वेक्षण टाळू नका, कितीही कंटाळवाणं असलं तरी. आकडे लहान असतात हेही विसरू नका. एखाद्या वस्तीवर दोनऐवजी तीन घटना झाल्या म्हणून ती गावातली सगळ्यात धोक्याची ठरत नाही.

हीटमॅप, म्हणजे घटना दाट तिथं गडद रंग देणारा नकाशा, लोकांना फार आवडतो. लाल-पिवळे डाग बघून सगळे गंभीर होतात. पण त्याची त्रिज्या ५०० मीटर ठेवली तर एक चित्र, २ किलोमीटर ठेवली तर दुसरंच, आणि दोन्ही वेळा जिथं नोंद जास्त तिथं डाग गडद. मी गावाला हीटमॅप दाखवत नाही. वस्तीनिहाय यादी आणि साधे ठिपके दाखवतो. प्राणी कुठे असू शकतो याचा अंदाज बांधणारी मॅक्सएंटसारखी मॉडेलं चांगली आहेत, पण आधी दोन हंगाम ही वही स्वच्छ ठेवून दाखवा, मग तिकडे वळा.

गावात नकाशा वाचणं

मोठ्या कागदावर छापा, मराठीत, आणि नावं लोकांच्या तोंडची घाला: अमक्याचा मळा, ठाकरवाडी, चिंचेचं वळण, जुनी मोट. सरकारी नकाशात ती नसतात, आणि ती नसली तर कुणालाही स्वतःचं घर सापडत नाही. देवळात किंवा चावडीवर आठवडाभर लावून ठेवा, शेजारी पेन बांधून ठेवा.

बायकांची बैठक वेगळी घ्या. गवताला, पाण्याला, शौचाला कुठल्या वाटेनं आणि कुठल्या वेळी जायचं हे त्यांना माहीत असतं आणि पुरुषांच्या बैठकीत ते कधीच निघत नाही. शाळेतल्या मुलांकडून त्यांची येण्याजाण्याची वाट काढून घ्या. रस्ता एक असतो आणि मुलं जातात ती उसाच्या बांधावरची वाट दुसरीच असते.

नकाशा कशाला वापरू नये

गावात दबाव आला की मागणी एकच असते, पिंजरा लावा आणि बिबट्या लांब सोडून या. तुमचा नकाशा पिंजऱ्याच्या जागा ठरवायला मागितला जाईल. त्या वेळी जुन्नरचाच अनुभव समोर ठेवा. २००१ नंतर इथून मोठ्या संख्येनं बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. आधीच्या वर्षांत माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते नंतर १७ वर गेले, आणि त्यांतले जीवघेणे ठरणारे वाढले. उपटलेला बिबट्या परत फिरतो, अनोळखी रानात भरकटतो, आणि मोकळ्या जागेत नवा येतो. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला रेडिओ कॉलर (जागा कळवणारा गळपट्टा) लावलेला एक नर सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला होता. माणसावर हल्ला झालेल्या प्रकरणात काय करायचं हा निर्णय वनखात्याचा, त्यात नकाशेवाल्यानं मध्ये पडू नये. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा, याला तुमच्या नकाशाचा आधार मिळता कामा नये.

तामिळनाडूतल्या वालपराईत चहामळ्यांच्या भागात हत्ती कुठे आहेत याचे संदेश आणि लाल दिव्यांची सूचना देऊन लोकांना सावध करतात, आणि त्याचा चांगला उपयोग झाला आहे. तसंच बिबट्याचं करावं असं अनेकांना वाटतं. पण हत्ती दिसतो, कळपानं असतो, त्याची जागा सांगता येते. उसातल्या बिबट्याची "आत्ताची जागा" सांगायला गेलात तर रोज दहा खोट्या सूचना जातील आणि अकराव्या दिवशी कुणी लक्ष देणार नाही.

काय झाकून ठेवायचं

दोन नकाशे करा, गावाचा एक आणि वनखात्याचा एक. बछड्यांची जागा, गुहा, कॅमेरा ट्रॅपच्या जागा, कॉलरचे ठिपके गावाच्या नकाशात घालू नका. व्हॉट्सॲपवर बछड्यांची जागा गेली की तासाभरात दोनशे माणसं जमतात, मादी जवळ येऊ शकत नाही, आणि पुढचा अपघात तिथंच होतो. शिकाऱ्यालाही तीच माहिती हवी असते. बाहेर द्यायची वेळ आली तर ठिपक्यांऐवजी दोन किलोमीटरची चौकट द्या. फोटो पाठवताना त्यातलं जीपीएस काढून टाका. नुकसान झालेल्या माणसांची नावं आणि फोन नंबर मूळ वहीतच ठेवा, नकाशाच्या फाइलमध्ये घालू नका.

हंगामाचं वेळापत्रक

माझं वर्ष असं बसतं. ऑगस्टमध्ये गोठ्यांची फेरी. सप्टेंबरच्या अमावस्येला अंधाराची पाहणी, म्हणजे दिवाळीआधी ग्रामपंचायतीला खांबांची यादी देता येते. ऑक्टोबरमध्ये ऊस नोंद आणि कोप्यांच्या जागा. नोव्हेंबर ते मार्च दर दहा-बारा दिवसांनी तोडणीचं नवं चित्र, छापून वनरक्षकाच्या हातात. एप्रिलमध्ये घटनांची वही पंचनाम्यांशी ताडून बंद करायची, आणि मेच्या चित्रावर पुढच्या वर्षीच्या उसाची पहिली आखणी. प्रत्येक छापील नकाशाच्या कोपऱ्यात तारीख मोठ्या अक्षरांत घाला, आणि नवा लावताना चावडीवरचा जुना स्वतः काढून आणा. मागच्या वर्षीच्या उसाचा नकाशा भिंतीवर राहिला तर कुणीतरी त्याच्या भरवशावर त्याच वाटेनं जाईल.